यंगस्टाउनचा काळा सोमवार

अमेरिकन माणूस वॉशिंग्टनवर इतका का चिडलेला असतो, असं कुणी विचारलं की मला ओहायोतलं यंगस्टाउन आठवतं.

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीनं कॅम्पबेलचा पोलाद कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ५,००० नोकऱ्या गेल्या. परदेशी पोलाद स्वस्त पडत होतं हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. १९६९ मध्ये ही कंपनी न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स या जहाजवाल्यांनी घेतली होती, तीही कर्ज काढून. भट्ट्या जुनाट होत गेल्या आणि पैसा इतरत्र जिरला.

कामगार हातावर हात धरून बसले नाहीत. धर्मगुरूंना सोबत घेऊन त्यांनी कारखाना आपणच विकत घ्यायचा बेत आखला. लोकांनी त्यासाठी बँकेत खास बचतखाती उघडली. सरकारकडे कर्जाची हमी मागितली. १९७९ मध्ये कार्टर सरकारनं ती नाकारली. आणि त्याच वर्षाअखेरीस संसदेनं क्राइसलरला दीड अब्ज डॉलरची हमी मंजूर केली! (क्राइसलरमध्येही कामगारच होते म्हणा, पण यंगस्टाउनला हे कोण समजावणार?)

१९३० मध्ये १,७०,००० वस्तीचं हे शहर २०२० मध्ये ६०,००० वर आलं. डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला असलेल्या या महोनिंग काउंटीनं १९७२ नंतर प्रथमच, २०२० मध्ये, रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला.

याला नुसता गोऱ्यांचा राग म्हणणं मला पटत नाही. पोलाद कारखान्यांत काळ्या कामगारांना बढतीची वाट १९७४ च्या न्यायालयीन समेटानं जरा मोकळी झाली होती. तीनच वर्षांत कारखान्याला कुलूप. त्यांच्या रागाची गोष्ट मात्र निवडणुकीच्या बातम्यांत क्वचितच येते.