जपानी त्सुबांचें कुलगोत्र

तरवारीचा इतिहास सांगतांना लेखकाचें लक्ष सहसा पात्यावर खिळतें. जपानच्या बाबतींत तर हें विशेषच घडतें. तेथील पोलादाची कीर्ति एवढी मोठी कीं, पात्याभोंवतींचा साज निव्वळ शोभेचा मानला जाऊन मागें पडतो. परंतु एकदां घडलेलें पातें पिढ्यान्‌पिढ्या तेंच राही. साज मात्र मालकाचा दर्जा, रुचि आणि प्रसंग यांप्रमाणें बदलला जाई. जपानी समाजाच्या अभिरुचीचा इतिहास ज्यास वाचावयाचा असेल, त्यानें हा साजच हातीं घ्यावा हें उत्तम.

या साजांतील मुख्य वस्तु म्हणजे त्सुबा. मूठ आणि पातें यांच्यामध्यें बसणारी, सुमारें सात-आठ सेंटिमीटर व्यासाची ही धातूची चकती आपल्याकडील परजेप्रमाणें हाताचें रक्षण करी. तिच्या मध्यभागीं पात्याचा मुठींत जाणारा भाग ओंवण्यासाठीं भोंक असतें. बाजूस कधीं एक, कधीं दोन लहान भोंकें असतात. तीं म्यानांत खोंचलेली छोटी सुरी आणि केस सारखे करण्याची सळई यांच्यासाठीं. उरलेली वीतभर जागाही नाहीं. पण तेवढ्यांत कारागिरांनीं अरण्यें, समुद्र आणि ऋतु बसविले.

इ. स. १८७६ च्या मार्च महिन्यांत मेजी सरकारनें सैनिक, पोलीस व दरबारी पोशाखांतील अधिकारी वगळून इतरांस तरवार लावून हिंडण्याची मनाई केली. सामुराईच्या कमरेची तरवार गेली आणि तिचा साज बाजारांत आला. हजारों त्सुबा आपापल्या तरवारींपासून सुटून युरोप-अमेरिकेंतील संग्राहकांच्या व वस्तुसंग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसल्या. वस्तु गेली, पण ती कोणाची, कोठली, हें सांगणारें कोणी तिच्याबरोबर गेलें नाहीं. म्हणून त्सुबेचें गांव ओळखणें हा हौशी लोकांचा खेळ समजूं नये. तुटलेल्या इतिहासाचा धागा पुन्हां जोडण्याचा तो उद्योग आहे.

कोणी म्हणेल, कारागिराची सही वाचली कीं काम झालें. पण सहीइतका फसवा साक्षीदार दुसरा नाहीं. ओमी प्रांतांतील हिकोने येथें सोतेन नांवाचा कारागीर होता. चिनी कथांतील माणसें आणि झाडें आरपार कोरून तो त्सुबा भरून टाकी. त्याची घडण लोकप्रिय झाली, आणि ‘हिकोनेनिवासी सोतेन’ अशी सही असलेल्या त्सुबा इतर गांवींही निघूं लागल्या. आज त्या सहीच्या ज्या त्सुबा आढळतात, त्यांतील बहुतेक अनुयायांच्या वा नकलकारांच्या हातच्या आहेत. येथें तर सहींत गांवाचें नांव असूनही तें गांव सिद्ध होत नाहीं!

मग नक्षीवरून ओळखावें, तर तीही गांवोगांव फिरलेली. वेतांवरून उतरणारे रानहंस, गवतामागून उगवणारा चंद्र, लाटा, आलूबुखाऱ्याच्या जातीच्या झाडाचीं फुलें, सारस, घराण्यांचीं कुलचिन्हें, हीं कोणा एका प्रांताचीं मिरास नव्हतीं. शिवाय इ. स. १६३५ पासून सरदारांना आळीपाळीनें एदो राजधानींत राहणें सक्तीचें झालें. त्यांच्या लवाजम्याबरोबर साज आणि रुचि हींही राजधानींत येत-जात राहिलीं, आणि एका प्रांताची नक्षी दुसऱ्यानें उचलणें सोपें झालें.

तेव्हां उरतो तो धातु आणि त्यावर फिरलेला हात. गोतो घराण्याचेंच उदाहरण पाहूं. त्याचा मूळपुरुष यूजो (१४४०–१५१२) हा क्योतो येथें शोगुन आशिकागा योशिमासा याच्या पदरीं होता. तांब्यांत थोडें सोनें मिसळून, रासायनिक क्रियेनें निळसर काळा रंग आणलेला शाकुदो हा मिश्रधातु या घराण्यास प्रिय. त्याच्या पृष्ठभागावर माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे एकेक ठोक्यानें ओळींत उठवीत, आणि त्यावर सोन्याचे सिंह व ड्रॅगन बसवीत. हा दरबारी साज. त्यांत शिस्त आहे, मोकळेपणा नाहीं. ओवारी प्रांताची, म्हणजे आजच्या नागोयाभोंवतालची, त्सुबा याच्या अगदीं उलट. तेथें नुसतें लोखंड. नक्षी आरपार कापलेली, भरदार आणि डावी-उजवी बाजू तोललेली. कडेवर कठीण लोखंडाच्या लहान गांठी उठून दिसतात. त्यांस जपानी जाणकार ‘लोखंडाचीं हाडें’ म्हणतात.

क्यूशू बेटावरील हिगो प्रांताची गोष्ट आणखी निराळी. इ. स. १६३२ त तो प्रांत होसोकावा घराण्याकडे आला. त्या घराण्यांतील तादाओकी, ऊर्फ सान्साई, हा चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याचा शिष्य. साधेपणांतच सौंदर्य पाहावें, ही चहाघरांतील दृष्टि त्याच्या आश्रयानें लोहारशाळेंत शिरली. हिगोच्या त्सुबेचें लोखंड मऊ चकाकीचें. त्यावर आपल्या कोफ्तगारीप्रमाणें लोखंड बारीक खरवडून सोन्याचा पत्रा ठोकून बसविलेला, पण तोही बेताचा.

‘नान्‌बान्‌’ त्सुबांचें नांव ऐकून मात्र मराठी वाचकाचा कान टवकारेल. नान्‌बान्‌ म्हणजे दक्षिणेकडचे रानटी लोक. पोर्तुगीज इ. स. १५४३ त जपानांत पोहोंचले व त्यांना हें नांव मिळालें. पुढें त्यांचीं जहाजें गोव्याहून मकावमार्गें नागासाकीस जात. तथापि गुंतलेल्या वेली व ड्रॅगन कोरलेल्या या त्सुबा गोव्याच्या मानण्याची घाई करूं नये. पोर्तुगीजांना जपाननें इ. स. १६३९ त बंदी केली. ही घडण त्यानंतरही चालू राहिली. तिच्या नमुन्यांत चिनी व डच व्यापारांतून आलेल्या वस्तूंचा वांटा आहे आणि तें काम जपानी हातांनींही होई. नांव परकें, म्हणून वस्तु परकी ठरत नाहीं.

हिगोचा सर्वश्रेष्ठ कारागीर हायाशी माताशिचि (१६१३–१६९९) याच्या उदाहरणानें सगळा विषय स्पष्ट होतो. याचे पूर्वज ओवारीकडील, बंदुका घडविणारे. कातो कियोमासा या सरदाराबरोबर ते हिगोंत आले. म्हणजे विद्या एका प्रांताची, रुचि दुसऱ्याची. माताशिचि सहसा सही करीत नसे. फाटके पंखे आणि गळून पडलेलीं चेरीचीं फुलें सोन्यानें काढलेली त्याची त्सुबा तोक्योच्या एइसेई बुन्को या होसोकावा घराण्याच्या संग्रहांत आहे. जाणकार ती लोखंडावरून, कडेच्या गोलाईवरून आणि सोन्याच्या संयमावरून त्याची मानतात. असा निर्णय म्हणजे पुराव्यांची तोलून केलेली बेरीज होय. कपाटांतील चिठ्ठीवर ‘हिगो’ असें वाचणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें, आणि चिठ्ठी वाचून झाल्यावर पुन्हां एकदां त्सुबेकडे पाहावें.