रिलीजच्या रात्रीचा निकाल

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण तिथे नक्की होतं काय, हे पुणे-नाशिक रस्त्यावरून शंभर वेळा गेलेल्या माणसालाही कधीकधी ठाऊक नसतं. दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि त्यापलीकडच्याही गावांच्या यात्रा कमिट्या येतात आणि आपापल्या यात्रेसाठी फड ठरवून जातात. ह्याला सुपारी देणं म्हणतात. (हिंदी सिनेमातली सुपारी वेगळी!) आता गंमत बघा, राहुटीत बसून बोलणी होतात तेव्हा समोर खेळ चालू नसतो. गावकऱ्यांच्या हातात असते ती फक्त ऐकीव माहिती. कुणाच्या गावात वग रंगला, कुठे सोंगाड्याने पोट धरून हसवलं, कुठे मध्यरात्रीच मंडळी उठून गेली. अवसरी बुद्रुकसारख्या गावाला वर्गणीचे पैसे एका रात्रीवर लावायचे असतात. खेळ पडला तर कमिटीला वर्षभर पारावर ऐकून घ्यावं लागतं.

म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीवर आधी पैसे लावायचे आणि त्यासाठी दुसऱ्याच्या निकालावर विसंबायचं. आज मला ज्या निकालांबद्दल लिहायचंय ते आहेत नव्या व्हिडिओ गेम्सचे. पण अडचण तीच.

ह्याच अवसरी बुद्रुकला माझा एक मावसभाऊ असतो. दर एक-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो, "दादा, तो नवीन आलाय तो गेम, घेऊ का नको?" त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कन्सोलवरचा मोठा नवा गेम पाच हजार रुपयांच्या आसपास जातो. पुण्यात आयटीत नोकरी करणारा माणूस तेवढे पैसे एका शनिवारी जेवणात उडवतो, पण त्याला ते साठवावे लागतात. त्याच्यासाठी निकाल ही करमणूक नाही. तर हे निकाल कोण देतं, कधीपासून देतं आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा, ह्याचा थोडा इतिहास.

छापील समीक्षेला स्वतःची मासिकं मिळाली १९८१ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' आणि इंग्लंडमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' अशी दोन मासिकं निघाली. पण तेव्हा मासिक छापून येईपर्यंत गेम दुकानात कधीच पोचलेला असायचा. ह्याचा सगळ्यात प्रसिद्ध बळी म्हणजे अटारीचा 'ई.टी.'. स्पीलबर्गचा सिनेमा तुफान चाललेला, नाताळ गाठायचा म्हणून एकट्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉने साधारण पाच आठवड्यांत तो गेम लिहिला. (पाच आठवडे! आपल्याकडे रिक्वायरमेंट फायनल व्हायला तेवढे लागतात.) १९८२ च्या नाताळात लोकांनी सिनेमाच्या नावावर विकत घेतला, खेळून बघितला आणि मग निकाल लागला. कार्ट्रिजेस परत आली. अटारीने ढिगाने माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला, आणि २०१४ मध्ये खणल्यावर तो खरोखरच सापडला. इथे निकाल अचूक होता, फक्त पैसे गेल्यावर आला.

मग निकाल लवकर यावा आणि एका नजरेत कळावा, अशी धडपड सुरू झाली. जपानच्या 'फामित्सू' मासिकाने १९८६ पासून एक पद्धत बसवली. चार समीक्षक, प्रत्येकाचे दहा गुण, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस मिळायला १९९८ साल उजाडलं, गेम होता 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'. २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' आलं आणि त्याने जगभरच्या समीक्षकांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एकच आकडा द्यायला सुरुवात केली. आपल्यासारख्या मार्कशीट संस्कृतीत वाढलेल्या माणसांना हे लगेच पटतं. दहावीला किती? ८४. बास, पुढे बोलायची गरज नाही.

पण आकडा एकदा मिळाला की त्यावर दुसऱ्या गोष्टी टांगल्या जातात. 'फॉलआउट: न्यू वेगास' हा गेम २०१० मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळायची अट होती मेटाक्रिटिकवर ८५. मिळाले ८४. ही गोष्ट २०१२ मध्ये कंपनीच्याच ख्रिस अव्हेलोन ह्यांनी सांगितली तेव्हा बाहेर आली. एका गुणाने बोनस गेला. आपल्या अप्रेझलच्या बेल कर्व्हवर चिडणाऱ्यांनी हे वाचून जरा शांत व्हावं :)

उलट बाजूने दबाव येतो तो जाहिरातीचा. २००७ मध्ये 'गेमस्पॉट'च्या जेफ गर्स्टमन ह्यांनी 'केन अँड लिंच' ह्या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच सुमाराला त्या साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्यांची नोकरी गेली. त्यामागे जाहिरातदाराची नाराजी होती, हे २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितलं. तेव्हा निकाल वाचताना त्या पानाचं भाडं कोण भरतंय हेही बघावं लागतं.

आता आपल्याकडे वळू. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे 'लिटल मास्टर', 'सामुराई' वगैरे आठवत असतील. कार्ट्रिजवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तेच दहा-बारा गेम. त्यांना कसली समीक्षा! पुढे सायबर कॅफे आले, 'डिजिट' मासिकाबरोबर सीडी यायला लागली, त्यातले डेमो खेळून आपणच आपला निकाल लावायचो. बाहेरचे गेम तर बहुतेकांच्या हातात फुकटात किंवा शंभर रुपयांच्या सीडीवर पडायचे, त्यामुळे निकाल चुकला तरी फार काही बुडायचं नाही. निकालाला किंमत येते ती पैसे मोजायला लागल्यावर.

आणि आपल्याच लोकांनी केलेला गेम आला की निकाल आणखी अवघड होतो. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला. संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला प्लेस्टेशन गेम म्हणून त्याचं कौतुक झालं. मग देवाला बटणांनी नाचवणं योग्य का, ह्यावर परदेशातून निषेध सुरू झाला. गेम म्हणून तो फार कच्चा होता, इथल्या समीक्षकांनी तसं लिहिलंही. पण मोठी चर्चा झाली ती अभिमानाची आणि भावना दुखावल्याची. मारुतीची उडी नीट का बसत नाही, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला.

ह्याच्या अकरा वर्षांनंतरची गोष्ट आपल्या पुण्याची. नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी टीम इथे बसून 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' बनवत होती. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते लक्ष्य पुरं झालं नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या मशीन्सवर. राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. तिच्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे निघते. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी किल्ल्यांची बांधणी, मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे.

जगभरच्या समीक्षकांनी लिहिलं ते मी तेव्हा बसून वाचलं होतं. त्याचं सार साधारण असं: चित्रं आणि संगीत अप्रतिम, हे जग आम्ही गेममध्ये पूर्वी पाहिलेलं नाही. पण मारामारी अडखळते, कॅमेरा नको तिथे अडून बसतो, गेम चार-सहा तासांत संपतो आणि शेवट मध्येच तोडल्यासारखा वाटतो. वर्षअखेरीला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला.

तेव्हा आपल्याकडे दोन आवाज ऐकू आले. एक म्हणाला, 'पुण्याच्या पोरांनी केलंय, नावं काय ठेवता?' दुसरा म्हणाला, 'शेवटी देशीच ना!' दोन्ही आवाजांना गेम खेळायची गरज नव्हती. कामाला आले ते तिसऱ्या प्रकारचे लोक, ज्यांनी मारामारी नक्की कुठे अडखळते ते लिहिलं. कारण पुढे 'राजी'ची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात काय होतं? सुधारलेली मारामारी, नव्याने बसवलेला कॅमेरा, आणि इंग्रजी संवादांच्या जोडीला हिंदी आवाज. ती यादी आणि समीक्षकांच्या तक्रारी शेजारी ठेवून वाचा. कुणाच्याही बग ट्रॅकरचा प्रिंटआउट वाटेल.

आता जानेवारी २०२१ चा 'फौजी' आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, त्याच आठवड्यात अक्षय कुमारने ह्या गेमची घोषणा केली, आणि २६ जानेवारीला तो आला. पहिल्या दिवसांत देशप्रेमाने पाच तारे, मग पबजीच्या चाहत्यांच्या रागाने एक तारा. प्ले स्टोअरवरचा आकडा चारच्या वरून काही दिवसांत तीनच्या आसपास घसरला. लाखो लोकांनी मत दिलं, पण ते वाचून एखाद्या प्रोग्रॅमरला सोमवारी सकाळी काय दुरुस्त करायचं हे कळलं असतं का? मला शंका आहे.

आणखी एक घोळ आपल्याच धंद्यातला आहे. गेम आता प्रकाशित झाल्यावर बदलतो. ज्या रात्री 'राजी' त्या समारंभात बसला होता, त्याच १० डिसेंबर २०२० ला 'सायबरपंक २०७७' रिलीज झाला. समीक्षकांना आधी फक्त पीसीवरची प्रत दिलेली, त्यामुळे पहिले निकाल नव्वदीच्या घरात. मग जुन्या प्लेस्टेशन ४ वाल्यांनी तो चालू केला आणि हाहाकार झाला. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, जून २०२१ मध्ये परत ठेवला. २०२३ पर्यंत इतका दुरुस्त झाला की लोक आनंदाने खेळायला लागले. मग खरा निकाल कुठला? डिसेंबरचा पीसीवरचा, डिसेंबरचा प्लेस्टेशनवरचा, का तीन वर्षांनंतरचा? माझ्या मते तिन्ही खरे. प्रत्येकावर व्हर्जन आणि मशीन लिहिलेलं नव्हतं, एवढाच दोष. 'स्टीम'ला हे लवकर कळलं, २०१६ पासून तिथे अलीकडचं मत आणि एकूण मत वेगळं दाखवतात. पण समीक्षकांचा पहिल्या आठवड्यातला आकडा मात्र दगडावर कोरल्यासारखा राहतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस बॅटल रॉयल' आला. एक कोटीहून जास्त लोकांनी आधीच नाव नोंदवलेलं. असा फुकट गेम तर पहिल्या दिवशी पुरता झालेलाच नसतो, तो दर काही आठवड्यांनी बदलत राहतो. त्याला पहिल्या रात्री तारे देणं म्हणजे गण-गौळण ऐकूनच उठायचं आणि वगाबद्दल गावभर सांगायचं.

मावसभावाला मी हल्ली हो-नाही सांगत नाही. त्याला सांगतो की निकालात चार गोष्टी शोध: कुठल्या मशीनवर खेळला, कुठलं व्हर्जन, किती तास, आणि प्रत फुकट मिळाली का विकत घेतली. चारही सापडल्या तर आकडा नाही बघितलास तरी चालेल. सापडल्या नाहीत तर महिनाभर थांब, गेम कुठे पळून जात नाही, उलट किंमत उतरते. पीसीवर घेत असशील तर स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत परत करता येतो, तेही लक्षात ठेव. त्याला हे फार पटत नाही. कॉलेजातले मित्र पहिल्याच रात्री खेळत असतात, महिनाभर थांबायचं म्हणजे गप्पांतून बाहेर पडायचं. तेही खरंच आहे म्हणा.

असो. आपण वाचणारे आहोत तसे लिहिणारेही आहोत. पुण्या-मुंबईतला एखादा नवा गेम येईल तेव्हा अभिमानाने पाच किंवा वैतागाने एक तारा देऊन मोकळे होऊ नका. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण कुठे अडकलात ते दोन ओळींत लिहा. चार-सहा जणांच्या टीममधलं कुणीतरी सोमवारी ऑफिसात पोचल्यावर आधी तेच उघडून बघणार आहे.