मिसूरीची माती आणि तारुण्यपीटिका

घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असली, की नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याच्या वाटीबरोबर एक वादही पाटाशी येऊन बसतो. आजी म्हणते, तोंडाला चांगले खसखसून लाव, म्हणजे त्या पुटकुळ्या जातील. आई म्हणते, चोळू नकोस, फुटतील. आणि ज्याच्या तोंडावरून हा वाद चालतो, तो आरशाकडे पाठ फिरवून मुकाट बसलेला असतो. हा वाद फार जुना आहे. मात्र गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्यात एक तिसरा पक्षकार शिरला आहे. तो म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारी, आत पिवळी पूड भरलेली कॅप्सूल. ही कॅप्सूल कोठल्या मातीतून निघाली (आणि येथे 'माती' हा शब्द अगदी अक्षरशः घ्यावा) आणि कोणत्या मोठमोठ्या रोगांशी झुंजता झुंजता तरुणांच्या गालापर्यंत येऊन पोचली, त्याचा हा वृत्तांत आहे.

आमच्या वैद्यकाला हा विकार अनोळखी नव्हता. सुश्रुतसंहितेत त्याचे नाव 'मुखदूषिका' असे आले आहे. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारखे उठणारे हे फोड कफ, वात आणि रक्त यांच्या दोषाने होतात, असे तेथे सांगितले आहे. आणि त्यावर वेखंड, लोध्र यांसारख्या द्रव्यांचे लेप दिले आहेत. सावरीच्या खोडावरचे ते जाड बुडाचे, टोकदार काटे ज्याने पाहिले असतील, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगायला नको. सुश्रुताने या विकाराची गणना मात्र क्षुद्ररोगांत केली आहे. शास्त्रकाराच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण आठ दिवसांवर बहिणीचे लग्न आले असताना ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर हा रोग उगवतो, त्याला तो क्षुद्र वाटत नाही.

युरोपात या विकाराचा जंतू सापडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९६ साली हँबुर्गच्या उन्ना या त्वचारोगतज्ज्ञाला मुरमातील द्रव्यात सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जंतू दिसले, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या साबूरो याने ते प्रयोगशाळेत वाढवून दाखविले. या जंतूची नावे पुढे इतक्यांदा बदलली, की एखाद्या फरारी आरोपीलाही लाज वाटावी. २०१६ पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणतात. पण चोर सापडला म्हणावे, तर पंचाईत अशी, की हा चोर प्रत्येकाच्याच घरात राहतो. नितळ कातडीच्या माणसाच्या अंगावरही तो सुखाने नांदत असतो.

खरा प्रकार असा आहे. वयात येताना शरीरातील अंतःस्रावांमुळे कातडीतील तेलाच्या ग्रंथी जोराने काम करू लागतात. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचे तोंड त्याच वेळी मृत पेशींनी बुजते. तेल आत साचते. त्या कोंदट जागी हा जंतू माजतो, तेलाचे विघटन करून त्यातून मेदाम्ले मोकळी करतो; मग रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि गाल लाल होऊन ठणकू लागतो. काही पुटकुळ्यांचे टोक काळे दिसते, ते मळाने नव्हे, तर कातडीच्याच रंगद्रव्याने. तेव्हा दिवसातून दहा वेळा तोंड धुणाऱ्या पोराला 'अस्वच्छ' म्हणून बोल लावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, अशी त्यांना विनंती आहे.

त्या काळी उपाय म्हणजे गंधकाची मलमे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर पाश्चात्त्य देशांत मुरमांवर क्ष-किरणांचा माराही करीत. त्याने ग्रंथी सुकत, मुरूम जात आणि डॉक्टर व रोगी दोघेही संतुष्ट होत. अशा किरणांखाली बसलेल्यांपैकी काहींना पुढे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे आढळले, तेव्हा त्या संतोषाची किंमत कळली.

आता आपण अमेरिकेतील मिसूरी राज्यात जाऊ. तेथील विद्यापीठाच्या कोलंबिया गावी १८८८ पासून राखलेले सॅनबर्न फील्ड नावाचे प्रयोगाचे शेत आहे. त्यातील तेविसाव्या क्रमांकाच्या तुकड्यात वर्षानुवर्षे खत न घालता टिमोथी नावाचे गवत घेत असत. शेतकऱ्याच्या दृष्टीने इतकी दरिद्री जमीन दुसरी नसेल! १९४५ साली विद्यापीठातील मृदाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम अल्ब्रेक्ट यांनी या शेतातील मातीचे नमुने न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले कंपनीला पाठविले. ते मागविले होते बेंजामिन डगर यांनी. डगर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. उमेदीच्या काळात ते मिसूरीतच शिकवीत होते. १८७२ सालचा त्यांचा जन्म. म्हणजे विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त होऊन ते लेडर्लेत आले, तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. ज्या वयात माणसे नातवंडांना गोष्टी सांगतात, त्या वयात हा गृहस्थ ठिकठिकाणची माती मागवून तीत रोगजंतूंना मारणारा एखादा सूक्ष्मजीव सापडतो का, ते पाहत बसला होता.

त्या तेविसाव्या तुकड्यातील मातीत तो सापडला. त्याची वाढ सोनेरी पिवळी दिसे; म्हणून सोन्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून औषधाचे नाव ऑरिओमायसिन पडले. पेनिसिलीन तेव्हा प्रसिद्ध झाले होते, पण ते बहुधा सुईने टोचावे लागे आणि जंतूंच्या अनेक जातींपुढे त्याचे काही चालत नसे. ऑरिओमायसिनचा पल्ला कितीतरी विस्तृत होता. शिवाय ते पोटात घेता येई. या दुसऱ्या गुणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. महिनोन्‌महिने सुया टोचून घ्यायला मुरमांचा रोगी कधीच तयार झाला नसता.

लेडर्लेच्या संशोधनाची सूत्रे त्या वेळी एका भारतीयाच्या हाती होती. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ते हेच. फॉलिक आम्लाचे आणि हत्तीरोगावरील औषधाचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. डगर यांच्या शोधालाही त्यांच्याच विभागाचे छत्र होते. १९४८ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेपुढे ऑरिओमायसिन मांडले गेले. आणि पुढच्याच महिन्यात सुब्बाराव हृदयविकाराने झोपेतच गेले. वय अवघे त्रेपन्न. पुढे १९५३ साली एका बुरशीला सुब्बारोमायसिस हे नाव देऊन शास्त्रज्ञांनी त्यांची स्मृती राखली. ज्यांच्या औषधांनी लाखो माणसे वाचली, त्यांचे नाव आपल्याकडे किती घरांत ठाऊक आहे, हा प्रश्न दिवाळीच्या दिवशी विचारू नये हेच बरे.

फायझर या दुसऱ्या कंपनीनेही लाखाहून अधिक मातीचे नमुने चाळले आणि १९५० साली टेरामायसिन बाजारात आणले. तेथील लॉइड कॉनोव्हर या तरुण रसायनज्ञाने ऑरिओमायसिनच्या रेणूतील क्लोरीनचा अणू काढून टाकला आणि टेट्रासायक्लीन तयार केले. निसर्गाने बनविलेल्या औषधात माणसाने हात घालून ते अधिक चांगले करता येते, यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९५५ साली त्याला एकस्व मिळाले.

यांपैकी एकही औषध मुरमांसाठी शोधलेले नव्हते, ही या इतिहासातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय. ही अस्त्रे होती प्लेगसाठी, पटकीसाठी, टायफस-ज्वरासाठी. परंतु पन्नाशीच्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांनी ती मुरमांच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि गुण आला. कसा आला, हे कुणालाच नीट सांगता येईना. नवल असे, की मोठ्या रोगांत लागते त्याहून कितीतरी थोड्या मात्रेनेही चेहरा निवळे. फक्त ती मात्रा महिनोन्‌महिने घ्यावी लागे. १९६५ साली अमेरिकेत फ्रायंकेल, स्ट्रॉस व पोची यांच्या गटाने दाखविले, की हे औषध घेणाऱ्यांच्या कातडीवरील तेलात मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण घटते. पुढे असेही दिसून आले, की हे औषध जंतूंना आवरतेच, पण शरीराने त्यांच्याविरुद्ध पेटविलेली आगही शमविते. म्हणजे आधी रोगी बरा झाला आणि मग वीस-वीस वर्षांनी कारण सापडले. वैद्यकात असे पुष्कळदा घडते. फक्त ते कबूल करण्याची पद्धत नाही.

औषधाचे अवगुणही हळूहळू बाहेर आले. टेट्रासायक्लीन कॅल्शियमला चिकटते. त्यामुळे ते दुधाबरोबर घेतले, तर पोटातल्या पोटात अडकून वाया जाते. आणि वाढत्या मुलाने घेतले, तर दातांत जाऊन बसते व ते पिवळे-तपकिरी करून ठेवते. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना ते देत नाहीत. उन्हात गेले, तर काहींची कातडी भाजल्यासारखी होते. १९६७ साली आलेले डॉक्सिसायक्लीन आणि १९७२ च्या सुमारास आलेले मिनोसायक्लीन पोटात अधिक चांगले शोषले जातात; परंतु डॉक्सिसायक्लीनची गोळी घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवे झाले, तर अन्ननलिकेला व्रण पडतो. पेलाभर पाणी प्यावे आणि अर्धा तास बसून राहावे. मिनोसायक्लीन फार दिवस घेतले, तर कातडीवर निळसर डागही येऊ शकतात.

पण हे झाले ज्याचे त्याचे. खरा हिशेब निराळाच आहे. पेनिसिलीनचा जनक फ्लेमिंग याने १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते शहाणे होतात. आणि मुरमांच्या उपचारात नेमके काय होत होते? निरोगी, तरण्याताठ्या मुलांना थोडी मात्रा, दीर्घ काळ. १९७९ च्या सुमारास एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांना दाद न देणारे मुरमांचे जंतू अमेरिकेत आढळले. इंग्लंडमधील लीड्स येथील त्वचारोगविभागात तर या जंतूंची वर्षानुवर्षे नोंद ठेवली होती. प्रतिकारक जंतू बाळगणारे रोगी १९९१ साली शेकडा ३४.५ होते, १९९७ साली ते ६४ झाले. शिवाय पोटात घेतलेली गोळी काही गालावरच्या जंतूंचीच चौकशी करीत नाही. घशातले, आतड्यातले, सगळेच जंतू त्या शाळेत बसतात.

ही शाळा आपल्याला परवडणारी नाही, हे १९९४ साली आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग उद्भवला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाक उठली. गाड्या भरभरून माणसे पळाली. दुकानांतून एकच औषध मागितले जाऊ लागले आणि बघता बघता ते नाहीसे झाले. ते होते टेट्रासायक्लीन. कालपर्यंत जे कॉलेजातल्या पोराच्या चेहऱ्यासाठी कुणी सहज घेऊन जाई, त्यासाठी त्या आठवड्यात रांगा लागल्या.

म्हणून मुरमांवर हे औषध देऊच नये, असे मी म्हणणार नाही. खोल, दुखऱ्या गाठी उठून ज्यांच्या गालांवर जन्मभराचे खड्डे पडतात, त्यांचे दुःख ज्याने पाहिले आहे, तो असे म्हणू धजणार नाही. १९८२ पासून मिळणारे आयसोट्रेटिनॉइन अशा कठीण रोग्यांना गुण देते, परंतु गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होत असल्याने ते फार जपून द्यावे लागते. तेव्हा टेट्रासायक्लीनच्या कुळाला अजूनही काम आहे. मात्र आजचे त्वचारोगतज्ज्ञ ते शक्यतो तीन-चार महिन्यांवर चालू ठेवीत नाहीत, एकटे देत नाहीत, आणि त्याच्या जोडीला वरून लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. हे प्रतिजैविक नव्हे. ते प्राणवायूच्या साहाय्याने जंतूंना सरळ जाळते आणि इतक्या वर्षांत त्याला तोंड देणारा जंतू निपजल्याचे दिसलेले नाही. त्याची खोड एकच: ते लागले, की कापडाचा रंग उडतो. तेव्हा रात्री लावले असेल, तर उशीला जुनाच अभ्रा घालावा, आणि पाडव्याचा नवा सदरा चढविण्यापूर्वी तोंड स्वच्छ धुऊन कोरडे करावे.