विनय नगरातली तीन पत्ती

सरोजिनी नगर म्हणजे पूर्वीचे विनय नगर, स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी बांधलेली वसाहत. वडिलांच्या नोकरीमुळे माझे बालपण तिथल्याच एका क्वार्टरमध्ये गेले. आमच्यासारख्या मराठी घरांत पत्ते म्हणजे बदाम सात, मेंढीकोट, फार तर रमी. पैसे लावून खेळणे आईला अजिबात खपत नसे. पण दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बीजींकडे तीन पत्तीसाठी चादर अंथरली जाई, आणि आपल्याकडेही बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतातच, असे स्वतःला बजावत आई वर जाऊन बसे.

आधी सगळ्यांनी बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकायचा, मग प्रत्येकाला तीन पत्ते. न बघता खेळणारा तो ब्लाइंड. पत्ते उचलून बघितले की चाल दुप्पट. दम नसेल तर पॅक, म्हणजे पत्ते टाकून बाहेर. शेवटी दोघेच उरले की पत्ते उघडायचे, तो शो. बीजी पत्त्यांवर तळहात ठेवून बसायच्या आणि दुसऱ्या हाताने नाणी पुढे सरकवायच्या. आई मात्र पत्ते एकामागे एक धरून मागचा पत्ता केसभर वर काढी. बदामाचे टोक दिसले की तिचा चेहरा लगेच सांगून टाकी.

हा खेळ इंग्रजांच्या ब्रॅगवरून आला. ब्रॅगवर एडमंड हॉइलने १७५१ मध्येच पुस्तिका लिहिली होती. पोकर त्याच भावकीतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो न्यू ऑर्लिन्सकडे वीस पत्त्यांनी खेळला जाई, बावन्न पत्ते नंतर आले. पोकरमध्ये हात पाच पत्त्यांचा, आणि तिथे कलर, म्हणजे एकाच चिन्हाचे पत्ते, सिक्वेन्सला, म्हणजे ओळीने येणाऱ्या पत्त्यांना, मारतो. तीन पत्तीत उलटे. लहानपणी मला हे मनमानी वाटे, पण त्यामागे चोख गणित आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ ते वरचढ. पाच पत्त्यांत मात्र कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. ट्रेलपाशी हा न्याय मोडतो: तीन सारखे पत्ते ५२ प्रकारे येतात, एकाच चिन्हाचा प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, तरी ट्रेलच मोठी. तीन एक्क्यांचा मानच तेवढा.

१९६७ साली सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला. पत्ते वाटण्यापुरते ते खरे आहे. पण पुढची चाल लावायची की पॅक व्हायचे, हे समोरच्या माणसावरून ठरते, आणि पोकरचा जीवही तिथेच आहे. एका दिवाळीत बीजींनी ब्लाइंड खेळत एकेकाला उठवले, सगळी नाणी ओढली आणि पत्ते तसेच गड्डीत मिसळले. शो झालाच नव्हता. त्या पत्त्यांत काय होते ते त्यांनीही पाहिले नाही.