‘बेवुल्फ’मधील तेरावा पुरुष

प्राचीन महाकाव्यातील पराक्रमयात्रा आणि आधुनिक अद्भुतकथा यांचा सांधा बहुधा शस्त्रे व राक्षस यांच्या साम्यात शोधला जातो. वस्तुतः तो याहून लहान जागी सापडतो. ३१८२ ओळींच्या ‘बेवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यात, धनावर बसलेल्या ड्रॅगनच्या कोपास कारण होतो तो चषक चोरणारा एक निनावी मनुष्य. तो कोण? इ. स. १००० च्या सुमाराच्या एकमेव हस्तलिखितात नेमका तेथेच शब्द नष्ट झाला असून आद्याक्षर तेवढे उरले आहे. कोणी संपादक ‘दास’ वाचतात, कोणी ‘सेवक’. अकरा साथीदारांसह निघालेल्या वृद्ध राजाला वाट दाखविण्यासाठी हाच तेरावा म्हणून बळेच नेला जातो. पुढे कवीला त्याचे स्मरणही राहत नाही.

टॉल्किनने ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) या विस्मृतालाच नायकपद दिले. बिल्बोची नेमणूकच चोर म्हणून होते, तोही चषक उचलतो. ड्रॅगन मात्र दुसऱ्याच्याच बाणाने मरतो. (चोरीचा प्रसंग कथेच्या ओघात सहज आला, असे टॉल्किनने १९३८ मध्ये लिहिले. ‘बेवुल्फ’चा व्यासंग करणाऱ्या प्राध्यापकाचे हे विधान जपूनच स्वीकारावे.) बेवुल्फ धन जिंकून मरतो आणि ते त्याच्यासह पुरले जाते. बिल्बो एका तट्टाला पेलतील अशा दोन लहान पेट्या घेऊन परततो, तेव्हा त्याला मृत समजून दारात त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो.