सुट्या वाक्याचा वारसा : परभाषाशिक्षणाच्या साधनांचा इतिहास

भ्रमणध्वनीवरील ॲपच्या साहाय्याने परभाषा शिकणे ही एकविसाव्या शतकाची निर्मिती होय, असा सामान्य समज आहे. साधनापुरता तो खरा आहे. पद्धतीपुरता मात्र खरा नाही. या साधनात विद्यार्थ्यापुढे एक सुटे वाक्य येते, त्याचे भाषांतर करावयाचे असते, त्याचा उच्चार ऐकू येतो, उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ कळते आणि काही काळाने तोच शब्द पुन्हा समोर येतो. या घटकांपैकी प्रत्येकाचा इतिहास निराळा आहे. तो पाहिल्यावाचून या साधनांचे मूल्यमापन नीट होणार नाही.

प्रथम सुट्या वाक्याचा विचार करू. लॅटिनच्या परंपरेत विद्यार्थी व्याकरण पाठ करी आणि मग थेट ग्रंथ वाची. शाळकरी मुलांना हे झेपेना. म्हणून योहान माइडिंगर याने १७८३ मध्ये जर्मन विद्यार्थ्यांसाठी रचिलेल्या फ्रेंच व्याकरणात प्रत्येक नियमासोबत भाषांतरासाठी वाक्ये दिली. १८३५ मध्ये ओलेनडॉर्फ याने पॅरिस येथे सहा महिन्यांत भाषा शिकविण्याचे आश्वासन देणारे जर्मन भाषेचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रश्नोत्तररूपाने वाक्ये क्रमाक्रमाने वाढत जातात. पण कोणी कोणाला कशासाठी विचारले, याचा पत्ता नसतो. इंग्रज भाषाभ्यासक हेन्री स्वीट याने १८९९ मध्ये या रीतीवर नेमका आक्षेप घेतला : शब्द आणि नियम यांची अंकगणितातल्याप्रमाणे बेरीज केली म्हणजे भाषेतील वाक्य सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राला या दोन्ही वाटांचा परिचय आहे. विल्यम कॅरी याने १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणाला नित्य व्यवहारातील विषयांवरील संवाद जोडले होते. तेथे वाक्याला बोलणारा होता आणि ऐकणाराही होता. याउलट तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना वाक्यावाक्याने इंग्रजी शिकविले. 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दप्रयोग पुढे थोड्या थट्टेने रूढ झाला खरा. परंतु त्या पाठमालेचे माध्यम मराठी होते, ही गोष्ट थट्टेच्या भरात विसरली जाते.

दुसरा घटक ध्वनीचा. जर्मनीत व्हिल्हेल्म फिएटोर याने १८८२ मध्ये भाषाशिक्षणाने आपली दिशा पालटावी, अशी हाक दिली. १८८६ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्रीय संघटनेने बोलीच्या अभ्यासाला शास्त्राचा आधार दिला. एडिसनचा ध्वनिलेखक १८७७ चा. त्याचा भाषाशिक्षणासाठी उपयोग करून जॅक रोस्टन याने १९०१ मध्ये लंडन येथे लिंग्वाफोन ही संस्था काढली. शिक्षक समोर नसताना परभाषकाचा आवाज घरबसल्या वारंवार ऐकण्याची सोय अशा रीतीने झाली. मात्र विद्यार्थ्याचे ऐकणारे कोणी नव्हते.

तिसरा घटक स्मरणाचा. हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला व १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी विस्मरण झपाट्याने होते, नंतर ते मंदावते, आणि एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यास आढळले. १९६७ मध्ये पॉल पिम्स्लर याने यावरून शब्दांच्या उजळणीचे वेळापत्रकच मांडले : ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटे, १० मिनिटे, याप्रमाणे सुमारे पाचपटीने वाढत जाणारी अंतरे. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर याने हेच तत्त्व पत्त्यांच्या पेटीत आणिले. ओळखलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात. पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक याने १९८७ मध्ये हे काम संगणकाकडे सोपविले.

चौथा घटक तत्काळ निर्णयाचा. बी. एफ. स्किनर याने १९५८ मध्ये शिक्षणयंत्रांची मांडणी केली : पाठाचे लहान लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच दाद मिळावी. पुढील वर्षी नोम चॉम्स्की याने स्किनरच्या भाषाविषयक ग्रंथाचे परखड परीक्षण केले. माणूस पूर्वी कधी न ऐकलेली वाक्ये बोलतो व समजतो. ती केवळ सवयीने येत नाहीत, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा होता. स्किनरचा भाषासिद्धान्त या आघातातून सावरला नाही. यंत्राची कल्पना मात्र टिकली. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या प्लेटो या संगणकप्रणालीवर पुढे रशियन, फ्रेंच इत्यादी भाषांचे पाठ तयार झाले. २०१२ मध्ये पिट्सबर्ग येथील लुइस फॉन आन व सेव्हरिन हॅकर यांचे ड्युओलिंगो सर्वांस खुले झाले, तेव्हा चारही प्रवाह एका पडद्यावर एकत्र आले.

मग नवे काय? नवी आहे ती मोजणी. कोणता शब्द कोणास केव्हा आठवत नाही, याची नोंद आता असंख्य विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ठेवता येते व त्यानुसार उजळणीची वेळ ठरविता येते. हा लाभ थोडा नव्हे. पण जे सहज मोजता येते तेच भाषाज्ञान, असे मानण्याचा मोह येथेच उद्भवतो. सुट्या इंग्रजी वाक्यातील 'यू' याचे मराठी 'तू', 'तुम्ही' की 'आपण', हे व्याकरण ठरवीत नाही. बोलणारा व ऐकणारा यांचे नाते ठरविते. 'वुई' म्हणजे 'आम्ही' की 'आपण', हेही प्रसंगावाचून कळत नाही. सुटे वाक्य नेमका हाच प्रसंग वगळते. स्वीटचा १८९९ चा आक्षेप यंत्राने दूर केलेला नाही.

दुसरा प्रश्न माध्यमाचा आहे, आणि मराठी भाषकाच्या दृष्टीने तो अधिक निकडीचा आहे. आज तो जर्मन किंवा स्पॅनिश शिकू लागतो ते बहुधा इंग्रजीच्या वाटेने. जर्मनमधील तीन लिंगे इंग्रज विद्यार्थ्याला विलक्षण वाटतात, म्हणून इंग्रजीतील पाठ त्यांची भीती घालवीत बसतो. मराठी विद्यार्थ्याच्या भाषेत तीन लिंगे मुळातच आहेत, त्याला फक्त कोणत्या नामाचे कोणते लिंग एवढेच शिकावयाचे असते. 'मला आवडते' या रचनेला जर्मनमध्ये 'मिअर गेफेल्ट' आणि स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता' असा सरळ जोड सापडतो. तथापि इंग्रजीवाटे जाणारा विद्यार्थी 'आय लाइक' येथे थांबून मग उलट फिरतो. घरात असलेली वस्तू बाजारातून आणण्याचाच हा प्रकार होय.

तर्खडकरांनी सुटी वाक्ये दिली, पण मराठीतून दिली. कॅरीने मराठी परक्यांना शिकविली, पण संवादातून शिकविली. आजच्या यंत्राजवळ स्मरणाची व्यवस्था या दोघांहून पुष्कळ चांगली आहे. परंतु मराठी व शिकावयाची भाषा यांची तौलनिक मांडणी यंत्र आपणहून करीत नाही. ती कोणीतरी अगोदर करून ठेवावी लागते. ते काम भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांचे आहे.