बसकर घेऊन आत या

चपला काढायला वाकू नका, त्या तुमच्या पायात नाहीतच. १९७३ चा उन्हाळा तोंडावर आलाय आणि माण तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा मारुतीच्या देवळात भरलीय. अंगणात तळवे भाजतात, तेव्हा उड्या मारतच आत या आणि काखेतलं पोत्याचं बसकर अंथरा. जागा नाही? ती करायची असते. "ए, सर की पल्याड!"

नाकात शिरतोय तो उग्र वास फळ्याचा. काल पोरांनी जुने सेल फोडून आतला मसाला नि पाला वाटून तो काळा केला; निम्मा काळा रंग अजून त्यांच्या सदऱ्यांवरच आहे. त्यात खोबरेल, घाम आणि मारुतीचा शेंदूर. गुरुजी एक, वर्ग दोन. दुसरीची कविता चौथीच्या पाढ्यांवर कुरघोडी करतेय. एकोणतीसच्या पाढ्यात सातापाशी आवाज बारीक होतो आणि दाहेला पत्रे हादरतात. येत नसलं तरी तोंड हलवा, गुरुजींची नजर ओठांवर असते. पाटीवरची पेन्सिल खाऊ नका म्हटलं तरी तुम्ही खाणारच.

पाणी मात्र मागू नका. विहिरीनं तळ दाखवलाय, रांजण उपडा पडलाय, आयाबाया दुष्काळी कामावर खडी फोडतायत. त्या रांजणाकडे टक लावून बसलेला, तुमच्या डाव्या हाताचा पोरगा बघून ठेवा. हा पुढे मुंबईला मस्जिद बंदरात माथाडी होईल, पाठीवर गोणी वाहील. दर यात्रेला एसटीतून उतरला की पिशवीसकट आधी शाळेत. पोरीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी गुरुजींना. वर्गमित्रांकडून वर्गणी उकळण्यात तर त्याचा हात कुणी धरणार नाही. शेवटी शाळेच्या नव्या स्लॅबवर तो पाण्याची टाकी बसवेल आणि तिच्यावर स्वतःचं नाव असं ठळक रंगवून घेईल की जाणाऱ्या एसटीतूनही वाचता यावं. घेऊ दे. त्याला शोभतं ते.

तूर्त रुळाचा तुकडा खणखणलाय. सुकडी! भाजलेल्या पिठाचा गोडसर वास, ताटल्यांचा खणखणाट, बरगडीत कोपरं. तोच पोरगा तुमच्या पुढे घुसलाय. भांडत बसाल तर परातीत खरवडच उरेल. मिळालं ते तोंडात कोंबा आणि गिळेपर्यंत हसू नका. ठसका लागला तर पाणी कुठून आणणार?